मिरचीविषयक ग्रंथ आणि त्यांतील नामविचार

१

मिरचीची लागवड आणि मिरचीचा आस्वाद ह्या विषयांवर गेल्या चार दशकांत, विशेषतः इंग्रजीत, एवढे लेखन प्रसिद्ध झाले आहे की जिज्ञासू वाचकाची अडचण आता ग्रंथांच्या दुर्भिक्षाची उरलेली नाही. ती निवडीची आहे. वनस्पतिशास्त्राचा प्रबंध, परसबागेची मार्गदर्शिका, पाकशास्त्राचे पुस्तक, वार्ताहराचा वृत्तांत आणि केवळ चित्रांसाठी छापलेली पुस्तके ग्रंथालयाच्या एकाच कप्प्यात शेजारी शेजारी उभी असतात, आणि आपण परिपूर्ण आहोत असे त्यांतील बहुतेकांचे मलपृष्ठ सांगत असते. ह्यांतील चांगले कोणते हे कोणत्या कसोटीने ठरवावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

भाषेच्या अभ्यासकाने ह्या प्रश्नात लक्ष घालण्यास कारण आहे. बियाणे घेणारा मनुष्य प्रथम एक नाव विकत घेतो. पाककृती वाचणारा प्रथम एक नाव वाचतो. नाव चुकले तर रोप चुकते आणि रोप चुकले तर पदार्थ चुकतो. मिरचीच्या बाबतीत हा धोका इतर पिकांहून अधिक आहे, कारण एकाच वनस्पतिजातीत आकार, रंग, तिखटपणा आणि वास ह्यांचे वैविध्य तीत अपरंपार आहे. म्हणून आमचे प्रतिपादन असे की, मिरचीवरील ग्रंथाची योग्यता प्रथम त्यातील नामविचारावरून पारखावी. ग्रंथकर्त्याने नावांचा हिशेब कसा ठेवला आहे, हे पाहिले म्हणजे त्याने पीक किती जवळून पाहिले आहे ह्याचा पुष्कळसा अंदाज येतो. ही कसोटी काही प्रमुख ग्रंथांना लावून पाहू.

२

मिरचीचे मूळ घर अमेरिका खंड होय. तेथे मानवाने तिच्या पाच जाती माणसाळविल्या. कॅप्सिकम अ‍ॅन्युअम, कॅप्सिकम फ्रुटेसेन्स, कॅप्सिकम चायनेन्स, कॅप्सिकम बॅकॅटम आणि कॅप्सिकम प्युबेसेन्स ही त्यांची शास्त्रीय नावे. ह्यांपैकी पहिली मेक्सिकोची, आणि जगातील बहुतेक सर्व व्यापारी मिरची ह्याच जातीची आहे. ढोबळी मिरची आणि ब्याडगी ह्या दिसण्यात, चवीत आणि उपयोगात एकमेकींपासून कितीही दूर असल्या तरी शास्त्रीय नावाने एकच आहेत.

मिरचीच्या नावांची पहिली विस्तृत यादी सोळाव्या शतकातील आहे. बेर्नार्दिनो दे साआगुन ह्या फ्रान्सिस्कन धर्मोपदेशकाने नावात्ल जाणकारांच्या साहाय्याने मेक्सिकोच्या लोकजीवनाचा बारा भागांचा ज्ञानकोश तयार केला. त्याची आज फ्लॉरेन्स येथे असलेली प्रत १५७७ च्या सुमारास पूर्ण झाली. तीत एका स्तंभात नावात्ल व दुसऱ्या स्तंभात स्पॅनिश मजकूर आहे. दहाव्या भागात निरनिराळ्या व्यवसायांच्या वर्णनात मिरची विकणाऱ्याचे वर्णन येते. चांगला विक्रेता कोणत्या मिरच्या ठेवतो हे तेथे ओळीने सांगितले असून, वाईट विक्रेता कसला माल गळ्यात बांधतो हेही सांगितले आहे.

ह्या यादीत नावे कोणत्या तत्त्वावर पडली आहेत ते पाहण्यासारखे आहे. काही मिरच्या रंगावरून ओळखल्या आहेत, काही आकारावरून, काही हंगामावरून, म्हणजे लवकर येणाऱ्या आणि उशिरा येणाऱ्या अशा. काही त्यांच्यावर झालेल्या संस्कारावरून, म्हणजे धुरावर वाळविलेल्या. आणि काही गावावरून वा प्रदेशावरून. मराठीतील मिरचीची नावे ह्याच तत्त्वांवर पडली आहेत हे वाचकाच्या ध्यानात आलेच असेल. लवंगी आकारावरून, ढोबळी घडणीवरून, संकेश्वरी, ब्याडगी व भिवापुरी गावांवरून, आणि सांडगी संस्कारावरून. दोन्ही भाषांचा ह्या बाबतीत परस्परांशी काही संबंध आलेला नाही. पीक पिकविणाऱ्या, विकणाऱ्या आणि शिजविणाऱ्या माणसाला ज्या गोष्टी माहीत असाव्या लागतात, त्याच गोष्टी तो नावात साठवितो, हेच ह्या साम्याचे कारण दिसते. मिरचीचे नाव हे अशा रीतीने एक आखूड टिपण असते, आणि ते टिपण उलगडून दाखविणे हे ग्रंथकर्त्याचे पहिले काम होय.

३

नावांच्या इतिहासाची दुसरी बाजू गोंधळाची आहे. कोलंबसाने १४९३ च्या जानेवारीत आपल्या रोजनिशीत बेटावरील लोकांच्या 'आही' ह्या तिखटाची नोंद केली, ती त्यांची मिरी म्हणून. तो मिरीच्या शोधात निघाला होता, आणि जे तिखट सापडले त्याला त्याने मिरीचेच नाव दिले. स्पॅनिशमधील मिरीवाचक शब्दापासूनच मिरचीचे एक नाव तयार झाले; इंग्रजीत तर दोहोंना आजतागायत एकच शब्द आहे. जर्मन वनस्पतिज्ञ लिओनहार्ट फुक्स ह्याने १५४२ च्या आपल्या वनस्पतिकोशात मिरचीची चित्रे दिली, आणि तिला कालिकतच्या मिरीचे नाव दिले. मेक्सिकोची वनस्पती अर्धशतकाच्या आत हिंदुस्थानची ठरली.

शास्त्रीय नावेही ह्या गोंधळातून सुटलेली नाहीत. निकोलाउस फॉन याकिन ह्याने १७७६ साली एका जातीला 'चायनेन्स', म्हणजे चीनमधील, असे नाव दिले. ती जाती दक्षिण अमेरिकेची आहे. लिनेयसने १७५३ साली दिलेल्या 'अ‍ॅन्युअम' ह्या नावाचा अर्थ वर्षायू असा होतो. युरोपच्या थंडीत हे झाड एका हंगामात मरते म्हणून ते नाव पडले. जेथे हिमपात होत नाही तेथे ते एकाहून अधिक वर्षे जगते, आणि आपल्याकडील परसातील मिरचीचे जुने झाड त्याची साक्ष देते.

भारतीय भाषांनीही हेच केले. तमिळ 'मिळगाय्' व कन्नड 'मेणसिनकायि' ह्या शब्दांत मिरीवाचक शब्दाला फळवाचक शब्द जोडलेला आहे. मराठी 'मिरची' शब्दाचे संस्कृत 'मरिच' शब्दाशी नाते उघड आहे. तथापि 'मिरे' हा शब्दही त्याच मुळाचा आहे, आणि दोहोंची घडण सारखी नाही. 'मिरे' ह्या शब्दात दोन स्वरांमधील चकाराचा लोप झालेला आहे, जसा तो प्राकृतातून आलेल्या शब्दांत व्हावयास पाहिजे. 'मिरची'त चकार टिकून आहे. म्हणजे दुसरा शब्द पहिल्याप्रमाणे प्राकृताच्या सरळ वाटेने आलेला नाही. जुन्या वस्तूला जुन्या वाटेचा शब्द आणि नव्या वस्तूला त्याच मुळाचा पण निराळ्या वाटेचा शब्द अशी विभागणी मराठीने केली, आणि इंग्रजीत जो घोटाळा आजही होतो तो मराठीत टळला.

हा इतिहास ग्रंथपरीक्षेत का घ्यावयाचा? कारण मिरचीवरील पुस्तकात 'मिरी'च्या नावाने केलेली प्रत्येक ऐतिहासिक विधाने कोणत्या वस्तूविषयी आहेत, हे ग्रंथकर्त्याने तपासले आहे की नाही, ह्यावर त्या पुस्तकाच्या इतिहासप्रकरणाची किंमत अवलंबून असते.

४

ह्या दृष्टीने प्रथम उल्लेख करावयाचा तो जीन अँड्र्यूज ह्या टेक्सासमधील विदुषीच्या 'पेपर्स : द डोमेस्टिकेटेड कॅप्सिकम्स' ह्या ग्रंथाचा. टेक्सास विद्यापीठाच्या मुद्रणालयाने तो १९८४ साली प्रसिद्ध केला व १९९५ साली त्याची नवी आवृत्ती निघाली. अँड्र्यूज ह्या चित्रकार होत्या, आणि ग्रंथातील रंगचित्रे त्यांनी स्वतः काढलेली आहेत. छायाचित्र एका फळाचे असते. चित्रकार फळ, फूल, पान व त्यांची ठेवण एकत्र आणू शकतो. फुलाचा रंग, देठाजवळील पेल्याचा आकार आणि एका पेरावर किती फुले येतात, ह्या खुणा मिरचीची जात ओळखण्यास महत्त्वाच्या आहेत. प्युबेसेन्स जातीचे फूल जांभळे व बी काळे असते. बॅकॅटमच्या पाकळ्यांवर पिवळसर-हिरवट ठिपके असतात. ज्या वाचकाला एकदा ह्या खुणा पाहावयाची सवय लागली, तो बाजारातील नावाने सहसा फसत नाही.

इतिहासाच्या प्रकरणात अँड्र्यूज ह्यांनी मांडलेला विचार गोव्याशी संबंधित असल्याने मराठी वाचकास विशेष उद्बोधक वाटेल. मेक्सिकोकडील मिरची, मका इत्यादी पिके पूर्व युरोपात स्पेनमार्गे गेली नसून, पोर्तुगीजांच्या हिंदी महासागरातील व्यापारातून व पुढे तुर्कांच्या मार्गाने गेली, असे त्यांचे मत आहे. फुक्सने दिलेले कालिकतचे नाव ह्या मताशी जुळते. हे अनुमान आहे व ते अनुमान म्हणूनच वाचावे. परंतु नावांना पुरावा मानून त्यांची छाननी करण्याची त्यांची पद्धती आदर्श आहे. उणीव सांगावयाची तर ती अशी की, लागवडीचा भाग आता जुना झाला आहे, आणि वर्णिलेल्या वाणांची संख्या पुढच्या ग्रंथांच्या मानाने थोडी आहे. ओळखण्यास शिकण्यासाठी हा ग्रंथ पहिला. पेरावयास शिकण्यासाठी मात्र दुसरा शोधावा लागतो.

५

तो दुसरा ग्रंथ न्यू मेक्सिकोत मिळतो. त्या प्रदेशात मिरचीच्या विद्यापीठीय अभ्यासाची परंपरा शतकाहून जुनी आहे. मेक्सिकोतील चिवावा प्रांतात १८७१ साली जन्मलेले फाबियान गार्सिया हे न्यू मेक्सिकोच्या कृषी महाविद्यालयाच्या १८९४ मधील पहिल्या पदवीधर तुकडीतले. त्यांनी स्थानिक मिरच्यांतून निवड करीत 'न्यू मेक्सिको क्रमांक ९' हा वाण सिद्ध केला. फळ मोठे, मांसल, गुळगुळीत, निमुळते व देठाजवळ खांदे नसलेले असावे, म्हणजे डबाबंद करताना साल सोलणे सोपे जाईल, असा त्यांचा हेतू होता. १९०८ साली त्यांनी 'चिली कल्चर' ही शेतकऱ्यांसाठी लिहिलेली पत्रिका काढली. मिरचीच्या लागवडीवरील ग्रंथांच्या ह्या परंपरेचा आरंभ एका महाविद्यालयाच्या साध्या पत्रिकेत आहे, हे आपणासारख्यांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे.

ह्याच संस्थेत, म्हणजे आताच्या न्यू मेक्सिको राज्य विद्यापीठात, पॉल बॉसलँड ह्यांनी संशोधन केले. तेथील मिरची-संस्था १९९२ साली स्थापन झाली. डेव्ह डेविट ह्या लेखकाच्या सहकार्याने बॉसलँड ह्यांनी 'द पेपर गार्डन' (१९९३), 'पेपर्स ऑफ द वर्ल्ड' (१९९६) आणि 'द कंप्लीट चिली पेपर बुक' (२००९) ही पुस्तके लिहिली; एरिक वोटावा ह्यांच्यासह 'पेपर्स : व्हेजिटेबल अँड स्पाइस कॅप्सिकम्स' हा पाठ्यग्रंथ (२०००; दुसरी आवृत्ती २०१२) तयार केला. आमच्या कसोटीला ही ग्रंथमाला उत्तम उतरते, आणि त्याचे कारण तिने नामव्यवस्थेत घातलेली मधली पायरी होय.

शास्त्रीय नाव फार रुंद आहे, आणि वाणाचे नाव फार अरुंद. 'अ‍ॅन्युअम' म्हटल्याने आचाऱ्याला काहीच कळत नाही. आणि वाणांची शेकडो नावे पाठ असल्याने बागाईतदाराला त्यांच्यातील नाते कळत नाही. बॉसलँड व डेविट ह्यांनी जाती आणि वाण ह्यांच्यामध्ये 'फळाचा प्रकार' ही पायरी नीट बसविली. हालापेन्यो हा एक प्रकार; त्याखाली अनेक वाण. न्यू मेक्सिकोची लांब हिरवी मिरची हा दुसरा प्रकार. गार्सियांचा क्रमांक ९ त्यातला एक वाण. ह्याच प्रकाराच्या मिरचीला कॅलिफोर्नियात 'अ‍ॅनाहाइम' म्हणतात, आणि दोन्ही नावे वेगळ्या वस्तूंची समजून बियाणे मागविणारा मनुष्य एकच वस्तू दोनदा लावतो. भाषा, बोली आणि व्यक्तिबोली ह्या पायऱ्या वेगळ्या ठेवल्यावाचून भाषाभ्यासात जसा गोंधळ माजतो तसाच तो येथेही माजतो; आणि पायऱ्या वेगळ्या केल्या की अर्ध्या शंका आपोआप फिटतात.

लागवडीच्या सूचनांतही हीच काटेकोरता आढळते. बी रुजण्यास माती पंचवीस ते तीस अंश सेल्सिअसइतकी उबदार हवी. चायनेन्सचे बी अ‍ॅन्युअमपेक्षा सावकाश रुजते. अति उष्णतेत फूल गळते. मिरची स्वपरागित असली तरी कीटकांमुळे संकर होतोच, म्हणून बियाणे राखावयाचे असेल तर झाडे अंतरावर वा जाळीखाली ठेवावी लागतात. ह्या शेवटच्या सूचनेवरून पुस्तकाची परीक्षा सहज करता येते. शेजारी शेजारी दहा वाण लावण्यास सांगून त्यांचेच बी पुढील वर्षासाठी राखण्याचा सल्ला जे पुस्तक देते, ते वाणांची नावे घेते पण वाण टिकवीत नाही.

मात्र मराठी वाचकाने एक अंतर ध्यानी घ्यावे. ही पुस्तके हिवाळ्यात बर्फ पडणाऱ्या देशासाठी लिहिलेली आहेत. शेवटच्या हिमाच्या तारखेपूर्वी आठ आठवडे घरात बी टाकावे, ह्या वाक्याला सोलापुरात किंवा नंदुरबारात अर्थ नाही. तेथील मुख्य शत्रू मुळे कुजविणारी बुरशी आहे. आपल्याकडे शेतकरी प्रथम फुलकिडे, कोळी व पांढरी माशी ह्यांचा आणि त्यांच्यापायी येणाऱ्या बोकड्याचा विचार करतो. तेव्हा ह्या ग्रंथांतून नामव्यवस्था, रुजवण आणि बीजरक्षण घ्यावे. हंगाम व कीडनियंत्रण ह्यांसाठी आपल्या कृषी विद्यापीठांच्या शिफारशींकडे वळावे.

६

आस्वादाच्या पुस्तकांकडे वळताच नामविचाराचा दुसरा अवघड प्रश्न उभा राहतो. मेक्सिकोत ओल्या मिरचीचे एक नाव आणि तीच वाळल्यावर दुसरे नाव, अशी रीत आहे. पोब्लानो वाळली की आंचो. चिलाका वाळली की पासिया. मिरासोल वाळली की ग्वाहियो. आणि हालापेन्यो धुरावर वाळविली की चिपोत्ले. ह्या शेवटच्या नावात नावात्ल भाषेतील मिरची आणि धूर हे दोन्ही शब्द अजून शाबूत आहेत. पासियाचा अर्थ छोटी मनुका. आंचोचा अर्थ रुंद. मिरासोल म्हणजे सूर्याकडे पाहणारी, कारण तिची फळे झाडावर वर तोंड करून येतात.

मराठीभाषकाला ही रीत परकी वाटण्याचे कारण नाही. आपण मिरचीला वाळल्यावर नवे नाव देत नाही, केवळ 'सुकी' हे विशेषण लावतो. परंतु आले वाळले की सुंठ होते, द्राक्ष वाळले की बेदाणा होतो, आणि कोकणात कोळंबी वाळली की तिचे सोडे होतात. सुंठीच्या जागी आले घालणाऱ्याचा पदार्थ बिघडतो हे सांगावे लागत नाही. वाळण्याने पदार्थ निराळा होतो, आणि ज्या समाजाच्या स्वयंपाकात त्या निराळेपणाला महत्त्व असते तो समाज निराळे नाव देतो. मेक्सिकोच्या पाकशास्त्रात वाळलेल्या मिरचीला स्वतंत्र नावे असणे हीच तिच्या स्थानाची ग्वाही आहे.

डायना केनेडी ह्यांचा 'द क्विझीन्स ऑफ मेक्सिको' (१९७२) हा ग्रंथ ह्या बाबतीत अजूनही प्रमाणभूत आहे. मूळच्या इंग्रज असलेल्या ह्या लेखिकेने मेक्सिकोत दीर्घकाळ राहून, गावोगाव हिंडून पाककृती जमविल्या. २०२२ साली त्यांचे निधन झाले. त्यांनी ओल्या व वाळलेल्या मिरच्यांचे विवेचन स्वतंत्रपणे केले असून, एका मिरचीच्या जागी दुसरी चालेल काय ह्या प्रश्नाला त्या सहजासहजी होकार देत नाहीत. मार्क मिलर ह्यांचे 'द ग्रेट चिली बुक' (१९९१) आकाराने लहान आहे. ओल्या व वाळलेल्या मिरच्यांची छायाचित्रे त्यात वेगवेगळ्या विभागांत आहेत, आणि बाजारात हातात धरून वापरण्यास ते सोयीचे आहे. ह्याउलट पुष्कळ लोकप्रिय पुस्तकांत कॅलिफोर्नियाच्या बाजाराची चूक तशीच उतरते. तेथे ओल्या पोब्लानोलाच पासिया म्हणतात. अशा पुस्तकावरून मेक्सिकन रस्सा करणारा मनुष्य आले मागून सुंठ आणणाऱ्यासारखा असतो.

वाईट पुस्तक ओळखण्याची आणखी एक खूण येथेच सांगून ठेवितो. मिरचीचा तिखटपणा बियांत असतो, असे विधान ज्या पुस्तकात सापडेल ते सावधपणे वाचावे. कॅप्सेसिन हे तिखट द्रव्य आतील पांढरट गाभ्यात आणि शिरांत तयार होते. बी त्याला चिकटून असल्याने तिखट लागते एवढेच. शिरा काढल्या की तिखट उतरते. नुसते बी झटकल्याने तितकेसे उतरत नाही.

७

गेल्या पंधरावीस वर्षांतील मिरचीवरील लेखनावर एका आकड्याचे राज्य आहे. विल्बर स्कोव्हिल ह्या औषधशास्त्रज्ञाने १९१२ साली मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करीत जाऊन, तिखट जिभेला कळेनासे होईपर्यंत किती पातळ करावे लागते हे मोजण्याची रीत काढली. आज हे मापन यंत्राने होते, परंतु एकक त्याच्याच नावाचे आहे. ईशान्य भारतातील भूत जोलोकिया २००७ साली जगातील सर्वांत तिखट म्हणून गिनेसच्या नोंदीत गेली. त्या मिरचीची चाचणी बॉसलँड ह्यांनीच केली होती. पुढे २०१३ साली कॅरोलिना रीपर आणि २०२३ साली सव्वीस लाखांहून अधिक एककांची पेपर एक्स ही तिच्या जागी आली. आकड्याची ही शर्यत पुस्तकांतही शिरली, आणि मिरच्या तिखटपणाच्या उतरंडीने मांडलेल्या याद्या म्हणजेच मिरचीचे ज्ञान, असा समज रूढ होऊ लागला.

आकडा खोटा नाही. तो अपुरा आहे. एकाच वाणाचा तिखटपणा पाणी, उष्णता व पिकण्याची अवस्था ह्यांनुसार बदलतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तिखट किती, ह्याबरोबरच ते कसे, हा प्रश्न असतो. न्यू मेक्सिकोतील संशोधकांनीच ह्यासाठी पाच अंगांचे वर्णन सुचविले आहे. तिखट लगेच लागते की थोड्या वेळाने, किती वेळ टिकते, तोंडात कोठे जाणवते, टोचणारे आहे की पसरणारे, आणि किती तीव्र आहे, ही ती पाच अंगे. आकडा ह्यांतील केवळ शेवटच्या अंगाची दखल घेतो.

मराठी भाषेने ह्यांतील पुष्कळसे भेद पूर्वीच नोंदविलेले आहेत. ठसका घशाचा, झोंबणे ओठांचे आणि बोटांचे, चुरचुर जिभेची, जळजळ पोटाची, झणका एकदम चढणारा. ठेचा झणझणीत असतो आणि रस्सा जळजळीत होतो. हे दोन शब्द जाणता स्वयंपाकी एकमेकांच्या जागी वापरत नाही. ब्याडगी रंगासाठी आणि लवंगी तिखटासाठी, हे घरोघरी ठाऊक असलेले ज्ञान स्कोव्हिलच्या एका आकड्यात मावत नाही, कारण पहिलीची महती तिच्या कमी तिखटपणातच आहे. म्हणून आस्वादाचे जे पुस्तक आकड्याबरोबर वास, गर आणि रंग सांगते ते जवळ ठेवावे. जे केवळ आकडे सांगते ते स्पर्धेचे पत्रक समजावे. वॉल स्ट्रीट जर्नलचे वार्ताहर अमल नाज ह्यांचे 'पेपर्स : अ स्टोरी ऑफ हॉट पर्सूट्स' (१९९२) हे पुस्तक ह्या दृष्टीने वाचनीय आहे. ते संदर्भग्रंथ नव्हे. परंतु मिरचीच्या मागे लागलेल्या शास्त्रज्ञांची, उत्पादकांची व शौकिनांची माणसे म्हणून ओळख त्यात होते, आणि तिखट हा त्यातील कथेचा एक धागा राहतो, संपूर्ण कथा होत नाही.

८

नावे ही वस्तूला बाहेरून चिकटविलेली चिठ्ठी असते, असा आक्षेप ह्या विवेचनावर येऊ शकेल. वनस्पती तीच राहते. तिला कोणी काय म्हणतो ह्याने काय बिघडते? ह्याचे उत्तर एका संशोधनाने दिले आहे. माणसाळविलेल्या मिरचीचा उगम मेक्सिकोत नेमका कोठे, ह्या प्रश्नावर क्रेग क्राफ्ट, सेसिल ब्राउन, गॅरी नाभान, पॉल गेप्ट्स आदींचा निबंध २०१४ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आला. त्यांनी चार प्रकारचे पुरावे एकत्र केले : उत्खननातील अवशेष, प्राचीन हवामानावरून काढलेला रानमिरचीचा संभाव्य प्रदेश, आनुवंशिक पुरावा, आणि भाषिक पुरावा. ओटोमांगेअन भाषाकुलाच्या मूळ भाषेत, म्हणजे सुमारे साडेसहा हजार वर्षांपूर्वी, मिरचीला शब्द होता असे पुनर्रचनेने दिसते. केवळ आनुवंशिक पुरावा ईशान्य मेक्सिकोकडे बोट दाखवीत होता. चारही पुरावे मिळून मध्य-पूर्व मेक्सिकोचा प्रदेश निश्चित झाला. बीज सापडत नाही तेथेही शब्द साक्ष देतो, असा ह्याचा अर्थ. ह्याच संशोधकांपैकी नाभान व क्राफ्ट ह्यांनी कर्ट मायकेल फ्रीझ ह्यांच्यासह लिहिलेले 'चेझिंग चिलीज' (२०११) हे पुस्तक गावोगावच्या मिरच्या आणि बदलते हवामान ह्यांविषयी आहे, आणि सामान्य वाचकाने ते अवश्य पाहावे.

तेव्हा ग्रंथांचा क्रम असा सुचवावासा वाटतो. ओळखण्यासाठी अँड्र्यूज, लावण्यासाठी बॉसलँड व डेविट, आणि अधिक खोलात जाणाऱ्यास बॉसलँड व वोटावा, शिजविण्यासाठी केनेडी, आणि बाजारासाठी मिलर, रंजनासाठी नाज, आणि हे सारे कशासाठी, हे कळण्यासाठी नाभान व त्यांचे सहकारी. स्पॅनिश वाचू शकणाऱ्याने जॅनेट लाँग-सोलिस ह्यांचा 'काप्सिकुम इ कुल्तुरा' (१९८६) हा इतिहासग्रंथ ह्या सर्वांच्या आधी हाती घ्यावा, कारण त्यात नावे त्यांच्या घरच्या भाषेच्या निकट आहेत.

मराठीपुरते पाहता, ह्या ग्रंथांकडून आपण पाककृतीपेक्षा पद्धती घेणे अधिक अगत्याचे आहे. बाजारात संकरित वाण आले की गावाचे, आकाराचे वा हंगामाचे नाव जाऊन त्या जागी कंपनीचे नाव आणि क्रमांक येतो. उत्पन्नाच्या दृष्टीने त्यात शेतकऱ्याचा तोटा असतोच असे नाही. गार्सियांचा वाणही क्रमांकानेच ओळखला गेला. परंतु गार्सियांनी आपल्या क्रमांकामागचा हिशेब पत्रिकेतून जाहीर केला होता. क्रमांकामागचा हिशेब जेथे लिहिला जात नाही, तेथे नावाबरोबर त्यात साठविलेले टिपणही जाते. कोणती मिरची कोणत्या मसाल्याला, कोणती लोणच्याला, कोणती वाळवणाला, कोणती कोणत्या जमिनीत, हे ज्यांच्या बोलण्यात अजून आहे त्या शेतकऱ्यांकडून, मसाला कुटणाऱ्या स्त्रियांकडून आणि बाजारातील आडत्यांकडून ती नावे, त्यांच्या अर्थासह व वस्तूच्या नमुन्यासह, लिहून घेता येतात. बोलीसंशोधनाचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याला ह्याहून सोपे आणि ह्याहून उपयुक्त क्षेत्रकार्य क्वचितच मिळेल. साआगुनने मिरची विकणाऱ्याच्या तोंडची यादी उतरवून घेतली, म्हणून साडेचार शतकांनंतर आपणास तिच्यावर विचार करता येतो. मराठीतील मिरचीवरचा चांगला ग्रंथ अशाच यादीपासून सुरू व्हावा.